पेशी कोणत्या इंटिग्रिनने चिकटते? मोनोक्लोनल अँटिबॉडीने ते शोधण्याची रीत, टप्प्याटप्प्याने

फायब्रोनेक्टिन या पेशींबाहेरच्या आधारद्रव्यातल्या प्रथिनाचा थर दिलेल्या प्लेटवर पेशी चिकटल्या, एवढ्यावरून त्या कोणत्या ग्राहीच्या जोरावर चिकटल्या हे कळत नाही. इंटिग्रिन म्हणजे पेशीला आधारद्रव्याशी धरून ठेवणारे पृष्ठभागावरचे ग्राही. माणसात त्यांच्या १८ अल्फा आणि ८ बीटा साखळ्या आहेत. त्यांच्या ठरावीक जोड्या जुळून २४ ग्राही तयार होतात आणि त्यांतले बरेच फायब्रोनेक्टिनला धरतात. एकाच पेशीवर त्यांतले पाच-सहा एकत्र असणे ही नेहमीची गोष्ट आहे. त्यांतला नेमका कोण काम करतोय हे विचारायचे असेल, तर एकेका ग्राहीला रोखून पाहणे हा सर्वांत थेट मार्ग. जीन बंद करायला दिवस लागतात आणि तेवढ्यात पेशी आपली जुळवाजुळव बदलते. अँटिबॉडी वीस मिनिटांत काम करते.

खरे तर हे ग्राही सापडले तेच अँटिबॉडीमुळे. जॉर्जेस क्योलर आणि सेझार मिलस्टीन यांनी केंब्रिजमध्ये १९७५ साली हायब्रिडोमाची, म्हणजे एकाच प्रकारची (मोनोक्लोनल) अँटिबॉडी अखंड बनवणाऱ्या संकरित पेशींची, पद्धत मांडली. १९८२ साली सीएसएटी आणि जेजी२२ या दोन अँटिबॉडींची वर्णने प्रसिद्ध झाली. कोंबडीच्या भ्रूणातल्या स्नायूपेशींवर त्या घातल्या की पेशींची पकड सुटे. त्या ज्या प्रथिनसंकुलाला धरत, ते शुद्ध करून, त्याचा जीन वाचून १९८६ साली 'इंटिग्रिन' हे नाव दिले गेले. म्हणजे आधी पकड सोडवणारी अँटिबॉडी हाती आली आणि तिच्या मागोमाग ग्राही.

या लेखात एकच प्रयोग सविस्तर सांगतो: माणसाच्या फायब्रोसार्कोमाच्या एचटी-१०८० पेशी फायब्रोनेक्टिनवर कोणत्या इंटिग्रिनने चिकटतात. पेशी आणि थर बदलून हीच रीत लॅमिनिन, कोलॅजेन, व्हिट्रोनेक्टिन या आधारद्रव्यातल्या इतर प्रथिनांनाही लागू होते.

आधी क्लोन निवडा

क्लोन म्हणजे एका हायब्रिडोमातून आलेली एक विशिष्ट अँटिबॉडी. सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा, असे माझे ठाम मत आहे. कुपीवर 'अँटी-बीटा-१' लिहिलेले असते आणि विद्यार्थी तेवढे वाचून मागणी नोंदवतात. पण बीटा-१ ला धरणाऱ्या अँटिबॉडी एकमेकींच्या अगदी उलट कामे करतात. मॅब१३, एआयआयबी२, पी५डी२ आणि ४बी४ या रोखणाऱ्या. टीएस२/१६ आणि ८ए२ या चेतवणाऱ्या, त्या घातल्या की पकड वाढते. के२० धरते, पण कामात ढवळाढवळ करत नाही. १२जी१०, ९ईजी७ आणि एचयूटीएस-४ यांना ग्राहीचे जागे झालेले रूप विशेष दिसते, म्हणून ग्राही कोणत्या अवस्थेत आहे हे मोजायला त्या वापरतात.

हा फरक किती बारीक असतो पाहा. बीटा-१ साखळीतल्या २०७ ते २१८ या जेमतेम बारा अमिनो आम्लांच्या टापूत रोखणाऱ्या आणि चेतवणाऱ्या, दोन्ही जातींच्या अँटिबॉडी येऊन बसतात, हे १९९३ सालीच दाखवले गेले. त्यामुळे 'कुठे धरते' यावरून 'काय करते' हे ठरवता येत नाही. ते प्रत्येक क्लोनसाठी करूनच पाहावे लागते. म्हणून मागणीपत्रावर, वहीत आणि शोधनिबंधात क्लोनचे नाव लिहिलेच पाहिजे, सोबत कॅटलॉग क्रमांक आणि लॉट क्रमांकही.

आपल्या प्रयोगासाठी पुढील संच पुरतो. बीटा-१ रोखायला मॅब१३ किंवा एआयआयबी२. अल्फा-५ रोखायला मॅब१६, जेबीएस५ किंवा बीआयआयजी२. अल्फा-व्ही कुटुंब रोखायला १७ई६, आणि फक्त अल्फा-व्ही बीटा-३ साठी एलएम६०९. तटस्थ तुलनेसाठी के२० आणि अल्फा-५ ला धरणारी पण न रोखणारी मॅब११. शिवाय त्याच जातीच्या प्राण्याची, त्याच वर्गाची, पण पेशीवरच्या कशालाच न धरणारी एक अँटिबॉडी.

आयोवा विद्यापीठातल्या डेव्हलपमेंटल स्टडीज हायब्रिडोमा बँकेत एआयआयबी२, बीआयआयजी२, पी५डी२ असे अनेक क्लोन ठेवलेले आहेत आणि ते व्यापारी कंपन्यांपेक्षा खूप स्वस्त पडतात. पेशींसाठी भारतातल्या प्रयोगशाळांना पुण्यातल्या एनसीसीएसचे, म्हणजे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचे, भांडार जवळचे आहे.

प्राण्याची जात विसरू नका. मानवी इंटिग्रिनविरुद्धच्या बहुतेक रोखणाऱ्या अँटिबॉडी उंदराच्या पेशींना ओळखतच नाहीत. उंदराच्या पेशींवर काम असेल तर एचएम-बीटा-१-१ किंवा एचए२/५ सारखे हॅमस्टरमध्ये तयार केलेले क्लोन घ्यावेत. ९ईजी७ उंदराच्या बीटा-१ विरुद्ध बनवली गेली, पण ती मानवी पेशींवरही चालते. असे अपवाद थोडे.

अँटिबॉडी पेशींवर घालण्याजोगी आहे का?

वेस्टर्न ब्लॉटला (जेलवर वेगळी केलेली प्रथिने अँटिबॉडीने ओळखण्याच्या रीतीला) चालणारी कुपी जिवंत पेशींना चालेलच असे नाही. बऱ्याच कुप्यांत टिकण्यासाठी सोडियम अझाइड असते. ते पेशीचे श्वसन रोखते, आणि घट्ट पकड बसायला पेशीला ऊर्जा लागते. मग पकड सुटली ती अँटिबॉडीने की अझाइडने, हे सांगता येत नाही. अझाइडविरहित कुपी मागवा, नाहीतर डायलिसिस करून किंवा छोट्या डीसॉल्टिंग कॉलममधून ते काढून टाका.

हायब्रिडोमाचे सुपरनेटंट, म्हणजे त्या पेशी वाढवलेले माध्यम, थेट वापरायचे असेल तर दुसरा धोका असतो. त्या माध्यमात सीरम असते, आणि सीरममध्ये गाईचे फायब्रोनेक्टिन आणि व्हिट्रोनेक्टिन भरपूर. ज्या रेणूवर पेशी चिकटतात तोच आपण नकळत खळग्यात ओततो. प्रोटीन जी कॉलमवर शुद्ध केलेले केव्हाही बरे. उंदीरवर्गातल्या रॅटच्या अँटिबॉडी प्रोटीन ए ला नीट चिकटत नाहीत, म्हणून प्रोटीन जी च घ्या. शुद्धीकरण शक्यच नसेल तर असंबद्ध हायब्रिडोमाचे तेवढेच सुपरनेटंट शेजारच्या खळग्यांत हवे.

मॅक्रोफेज किंवा मोनोसाइटसारख्या पेशींवर एफसी ग्राही असतात. तिथे अँटिबॉडी शेपटीनेही पकडली जाते. अशा पेशींना आधी मानवी आयजीजीने (साध्या अँटिबॉडीने) झाकावे किंवा फॅब, म्हणजे शेपटी नसलेले एकहाती, तुकडे वापरावेत.

पेशीवर कोणते ग्राही आहेत ते पाहून घ्या

प्लेटकडे वळण्याआधी फ्लो सायटोमेट्रीची (रंगीत अँटिबॉडी लावून एकेक पेशी मोजण्याची) एक दुपार खर्च करा. प्रत्येक नळीत २ ते ५ लाख पेशी, १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर अँटिबॉडी, बर्फावर ३० मिनिटे, दोनदा धुणे, मग रंगीत दुय्यम अँटिबॉडी. ज्या ग्राहीचा पत्ताच नाही त्याला रोखत बसण्यात अर्थ नाही. याच वेळी अँटिबॉडीची मात्रा ०.१ पासून २० मायक्रोग्रॅमपर्यंत बदलून पाहिली की कोणत्या मात्रेला ग्राही पूर्ण झाकले जातात तेही कळते. पुढच्या प्रयोगात तीच मात्रा वापरायची.

१२जी१० किंवा एचयूटीएस-४ वापरणार असाल तर बफरमधले कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि मँगनीज यांवर सगळे अवलंबून असते. १ मिलिमोलर मँगनीजमध्ये खूण उजळते, कॅल्शियममध्ये मंदावते. मँगनीज फॉस्फेट बफरमध्ये घालू नका, साका बसतो. ट्रिस किंवा हेपेस घ्या. बर्फावर ग्राहीची रूपे बदलायला अडखळतात, म्हणून या अँटिबॉडींची मोजणी खोलीच्या तापमानाला किंवा ३७ अंशांवर करणे योग्य.

प्लेटला थर देणे

१. प्रथिन चांगले धरणारी ९६ खळग्यांची पॉलिस्टायरीन प्लेट घ्या. फायब्रोनेक्टिन ३७ अंशांवर शांतपणे वितळू द्या. हलवू नका, व्होर्टेक्स तर मुळीच नको, त्याने तंतू होऊन गुठळ्या पडतात.

२. पहिल्या दिवशी फक्त थराची मात्रा ठरवा: ०.१, ०.३, १, ३, १०, २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, प्रत्येक खळग्यात १०० मायक्रोलिटर, रात्रभर ४ अंशांवर. काही खळगे थराविना ठेवा. त्यांत पुढे फक्त अल्ब्युमिन जाईल.

३. ब्लॉकिंगसाठी गाईचे सीरम अल्ब्युमिन १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर विरघळवून, गाळून, ८५ अंशांवर १० ते १२ मिनिटे तापवा आणि गार करा. तापवलेले अल्ब्युमिन प्लास्टिकवर अधिक चांगले पसरते आणि पेशींना चिकटायला जागा ठेवत नाही. खोलीच्या तापमानाला ३० ते ६० मिनिटे पुरे.

थराची मात्रा का ठरवायची? भरपूर फायब्रोनेक्टिन असले की थोडे ग्राही मोकळे राहिले तरी पेशी टिकून राहते आणि उत्तम अँटिबॉडीही निकामी वाटते. मॅब१३ च्या बाबतीत तर कारण आणखी खोल आहे. फायब्रोनेक्टिन बसलेल्या ग्राहीला ती कमी धरते. ती दाराशी उभी राहून वाट अडवत नाही, ग्राहीला निष्क्रिय रूपात थोपवून धरते. म्हणून जिथे सर्वाधिक चिकटण्याच्या साठ ते सत्तर टक्के पेशी चिकटतात अशी मात्रा आलेखावरून उचला. बहुतेकदा ती दोन-चार मायक्रोग्रॅमच्या आसपास येते, पण फायब्रोनेक्टिनचा लॉट बदलला की पुन्हा पाहावे लागते.

पेशी सोडवणे

इथे चूक झाली तर पुढचा सगळा दिवस वाया जातो. ट्रिप्सिन पृष्ठभागावरची प्रथिने कापते. एचटी-१०८० साठी कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या बफरमध्ये ५ मिलिमोलर ईडीटीए पुरते. हट्टी पेशींना ट्रिप्सिन लावावेच लागले तर अगदी थोडा वेळ, आणि ते थांबवायला सीरम नव्हे, सोयाबीनचा ट्रिप्सिन इनहिबिटर. कारण तेच: सीरममधले फायब्रोनेक्टिन. कॅडहेरिनवर (पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या प्रथिनांवर) काम करणाऱ्यांनी उलटे लक्षात ठेवावे. कॅल्शियम असताना ट्रिप्सिन लावले तर कॅडहेरिन वाचते, ईडीटीएसोबत लावले तर नाहीसे होते.

पेशी दोनदा धुवा, सीरमविरहित माध्यमात २५ मिलिमोलर हेपेस घालून १० लाख प्रति मिलिलिटर या प्रमाणात मिसळा आणि ३७ अंशांवर १५-२० मिनिटे विसावू द्या. ट्रिपॅन ब्लूने जिवंत पेशी मोजा. ९५ टक्क्यांच्या खाली असतील तर त्या दिवशी प्रयोग करू नका. मायकोप्लाझ्माची चाचणी अर्थातच अलीकडची हवी.

रोखण्याचा प्रयोग

१. व्ही-तळाच्या वेगळ्या प्लेटमध्ये दुप्पट तीव्रतेची अँटिबॉडी, म्हणजे २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, आणि पेशी समभाग मिसळा. १५ ते २० मिनिटे खोलीच्या तापमानाला ठेवा. पेशीला फायब्रोनेक्टिन भेटण्याआधी अँटिबॉडी भेटली पाहिजे.

२. थर दिलेल्या प्लेटमधले अल्ब्युमिन काढून, एकदा धुऊन, प्रत्येक खळग्यात १०० मायक्रोलिटर मिश्रण घाला. त्यात ५० हजार पेशी असतील. प्रत्येक प्रकारासाठी चार खळगे. कडेचे खळगे लवकर सुकतात, ते शक्यतो सोडा.

३. ३७ अंशांवर २० ते ३० मिनिटे. जास्त नको. तासाभरात पेशी स्वतःचेच आधारद्रव्य स्रवू लागतात आणि प्रश्नच बदलतो. पसरणे मोजायचे असेल तर मात्र ६० ते ९० मिनिटे द्यावी लागतात.

४. धुणे हा या प्रयोगातला सर्वांत कच्चा दुवा. हात बदलला की आकडे बदलतात, म्हणून संपूर्ण मालिका एकाच माणसाने धुवावी. मल्टिचॅनल पिपेट भिंतीला टेकवून हळू सोडा, प्लेट उलटी करून टिपकागदावर द्रव टिपा, दोन ते तीन वेळा. मधूनमधून सूक्ष्मदर्शकाखाली अल्ब्युमिनचे खळगे पाहा. ते रिकामे झाले की थांबा.

५. फ्यूम हूडमध्ये ५ टक्के ग्लुटारल्डिहाइडने ३० मिनिटे स्थिर करा. मग २०० मिलिमोलर मेस बफरमधले, सामू ६.० असलेले ०.१ टक्के क्रिस्टल व्हायोलेट, एक तास. पाण्याने तीन-चारदा धुवून १० टक्के ॲसिटिक आम्लात रंग उतरवा आणि ५७० नॅनोमीटरवर वाचा.

शंभर टक्क्यांचे माप वेगळे हवे. पॉलिलायसिनचा थर दिलेल्या काही खळग्यांत २५, ५०, ७५ आणि १०० टक्के पेशी घाला आणि न धुता थेट तीव्र ग्लुटारल्डिहाइड मिसळून स्थिर करा. या रेषेवरून कळते की तुमच्या पेशींतल्या खरोखर किती टक्के चिकटल्या.

हिशेब सोपा आहे. समजा अँटिबॉडीविना फायब्रोनेक्टिनवर वाचन ०.९२, अल्ब्युमिनवर ०.१० आणि मॅब१६ सोबत ०.३० आले. अल्ब्युमिन वजा केल्यावर ०.८२ पैकी ०.२० उरले, म्हणजे सुमारे २४ टक्के चिकटणे शिल्लक, ७६ टक्के रोखले गेले.

कोणती तुलना नसेल तर निकाल उभा राहत नाही

नुसती असंबद्ध अँटिबॉडी पुरेशी नाही, कारण ती पेशीवर बसतच नाही. के२० किंवा मॅब११ बसते, तितकीच जागा व्यापते आणि तरीही पेशी चिकटतात. ही तुलना मला सर्वांत मोलाची वाटते. तिच्यामुळे 'पेशीवर गर्दी झाली म्हणून सुटली' हा आक्षेप उरत नाही.

दुसरी तुलना थराची. तीच पेशी, तीच मॅब१६, पण थर व्हिट्रोनेक्टिनचा. तिथे पेशी अल्फा-व्ही इंटिग्रिनने चिकटते, अल्फा-५ रोखून फरक पडता कामा नये. पडला, तर अँटिबॉडी विषारी आहे किंवा तिच्यात आणखी काही मिसळलेले आहे. पॉलिलायसिनवर चिकटणे विद्युतभाराने होते, तिथेही कोणतीच अँटिबॉडी आड येऊ नये. आणि ५ ते १० मिलिमोलर ईडीटीए घातलेले खळगे हवेत: इंटिग्रिनला द्विभारित धातू लागतात, म्हणून तिथे पकड संपूर्ण सुटली पाहिजे. सुटली नाही तर जे चिकटणे तुम्ही मोजताय ते इंटिग्रिनचे नाही.

चेतवणाऱ्या अँटिबॉडीची परीक्षा एचटी-१०८० वर नीट होत नाही, त्या आधीच घट्ट चिकटतात. त्यासाठी मानवी रक्तकर्करोगाच्या के५६२ पेशी उत्तम. त्यांच्यावर बीटा-१ कुटुंबातला जवळपास एकटा अल्फा-५ बीटा-१ असतो आणि तोही सुस्त. तरंगत वाढतात, सोडवण्याचा प्रश्नच नाही. टीएस२/१६ किंवा मँगनीज घातले की त्याच पेशी फायब्रोनेक्टिनवर चिकटू लागतात, आणि सोबत मॅब१६ दिली की पुन्हा सुटतात. नव्या विद्यार्थ्याला इंटिग्रिन चेतणे म्हणजे काय हे डोळ्यांनी दाखवायला याहून चांगला प्रयोग मला माहीत नाही.

निकाल वाचताना

बीटा-१ रोखून पकड जवळपास शून्यावर आली आणि अल्फा-५ रोखूनही तितकीच आली, तर उत्तर स्वच्छ आहे. पण अनेकदा अल्फा-५ रोखल्यावर तीस-चाळीस टक्के उरते. तेव्हा मॅब१६ आणि १७ई६ एकत्र द्या. एकट्या १७ई६ ने काहीच होत नाही आणि दोघी मिळून सगळे सुटते, असे दिसले तर अल्फा-व्ही राखीव हात म्हणून काम करतो आहे. फक्त एकेकटी अँटिबॉडी वापरणाऱ्याला हा ग्राही कधीच दिसणार नाही. लिम्फोसाइट किंवा मेलॅनोमा पेशींत अल्फा-४ बीटा-१ ही तपासा. तो फायब्रोनेक्टिनच्या दुसऱ्याच भागाला धरतो, आरजीडी या तीन अमिनो आम्लांच्या खुणेला नव्हे.

अँटिबॉडीला दोन हात असतात, म्हणून ती ग्राहींना एकमेकांजवळ ओढते आणि त्यानेच पेशीत संदेश सुरू होऊ शकतात. १९९५ साली केनेथ यामादा यांच्या गटाने दाखवले की न रोखणाऱ्या अँटिबॉडीचे मणी पेशीवर ठेवले तरी आत एफएके (संदेश पोचवणारे) आणि टेन्सिन (पेशीच्या सांगाड्याशी जोडणारे) ही प्रथिने गोळा होतात. नुसते चिकटणे मोजताना याने फारसे बिघडत नाही. पण एफएकेचे फॉस्फोरिलीकरण मोजणार असाल तर एकहाती फॅब तुकड्यांशी तुलना केल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

याच अँटिबॉडी वेस्टर्नला वापरायचा मोह होतो. बहुतेकींना ग्राहीची घडी शाबूत लागते, त्यामुळे डायथायोथ्रायटॉल (डायसल्फाइड बंध तोडणारे रसायन) घातलेल्या जेलवर पट्टी दिसत नाही. दिसावी असे वाटत असेल तर डायथायोथ्रायटॉलविना जेल चालवा. बीटा-१ त्यात अपेक्षेपेक्षा खाली, अल्फा-५ वर सरकलेला दिसेल, कारण दोन्हींचे डायसल्फाइड बंध जसेच्या तसे असतात. इम्युनोप्रेसिपिटेशनला (अँटिबॉडीने प्रथिन द्रावणातून ओढून काढण्याला) मात्र या उत्तम चालतात. लायसिस बफरमध्ये १ मिलिमोलर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ठेवा, ईडीटीए टाळा, म्हणजे अल्फा-बीटाची जोडी फुटणार नाही.

तीन वेगवेगळ्या दिवशी, पेशींच्या तीन वेगळ्या खेपांवर प्रयोग झाला की मगच आकडे एकत्र करा. एकाच प्लेटवरचे चार खळगे म्हणजे चार प्रयोग नव्हेत. त्यानंतर अँटिबॉडीशी संबंध नसलेल्या मार्गाने खात्री करा: अल्फा-५ चा जीन गप्प करणारा एसआयआरएनए, किंवा अल्फा-५ नसलेल्या, हॅमस्टरच्या सीएचओ-बी२ पेशींत मानवी अल्फा-५ घालून पकड परत येते का, आणि ती परत आलेली पकड मॅब१६ ने सुटते का, हे पाहणे.